पाठीच्या ताठरपणासाठी फोम रोलर: गुळगुळीतच घ्या

फोम रोलर म्हणजे अंगाखाली ठेवून वापरायचा फोमचा दंडगोल. तो घ्यायला गेलं की उंचवटे असलेला जास्त 'असर' करेल असं वाटतं. पाठीसाठी तोच सगळ्यात अडचणीचा. मणक्यांची मागची टोकं कातडीच्या अगदी खाली असतात. उंचवटा तिथे रुतला की स्नायू घट्ट होतात आणि पाठ वाकतच नाही. गुळगुळीत, मध्यम कडक, 15 सेंमी व्यासाचा रोलर निवडावा. आडवा ठेवून वापरायला 45 सेंमी लांबी पुरते. 90 सेंमीच्या रोलरवर कण्याच्या रेषेत झोपता येतं, डोकं आणि माकडहाड दोन्ही टेकतात. पांढरा हलका फोम लवकर चपटा होतो. पोकळ नळीवर ईव्हीएचा (दाट, लवचिक फोमचा) थर असलेला रोलर आकार जास्त टिकवतो.

रोलरने मोकळा करायचा भाग म्हणजे बरगड्यांना जोडलेले पाठीचे 12 मणके. हात पूर्ण वर नेताना हा भाग थोडा मागे वाकावा लागतो. तो ताठ असेल, तर ती कसर खांदा आणि मान भरून काढतात. मानदुखीचं हे एकमेव कारण नव्हे, पण दिवसभर पुढे वाकून बसणाऱ्यांनी आधी इथेच पाहावं.

रोलर फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) खालच्या टोकापाशी आडवा ठेवा. गुडघे दुमडलेले, कुल्ले जमिनीवरच. बोटं गुंफून डोक्याला आधार द्या, कोपरं जवळ आणा. श्वास सोडत हळू मागे झुका, 5-6 वेळा. मग रोलर 2-3 सेंमी वर सरकवा. अशा 3-4 जागा पुरेत. मान आणि कंबरेवर रोलर फिरवू नका.

हमखास होणारी चूक म्हणजे पाठीऐवजी कंबरच वाकते. खालच्या बरगड्या वर उचलल्या गेल्या की समजावं, आणि पोट किंचित आत घ्यावं.

मिळालेला मोकळेपणा फार टिकत नाही. म्हणून लगेच हातगुडघ्यांवर येऊन एक हात डोक्यामागे घ्या आणि कोपर छताकडे वळवा, दोन्ही बाजूंना 8-8 वेळा. हे न करता नुसता रोलर वापरणाऱ्यांची निराशा होते, आणि दोष रोलरला जातो.

हाडं ठिसूळ असतील, मणक्याला अलीकडे इजा झाली असेल, किंवा हातात मुंग्या वा कमजोरी असेल, तर रोलरआधी डॉक्टरांना दाखवा.