ट्रायपॉडचे पाय: फिरकीचं लॉक की खटक्याचं?

समुद्रकिनारी फोटो काढणाऱ्यांना माझा कौल फिरकीच्या लॉकला, म्हणजे कॉलर (गोल कडं) फिरवून पायाचे भाग घट्ट करायच्या लॉकला. वाळू त्यात लवकर शिरते, हे खरं. कॉलर फिरवताना करकर आवाज आला की समजायचं, आत्ताच साफ करायला हवं. पण साफ करणं सोपं आहे: कॉलर पूर्ण उघडा, पायाचा भाग ओढून बाहेर काढा. त्याच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात. त्या निसटून हरवतात, म्हणून खाली फडकं अंथरा आणि एका वेळी एकच पाय खोला. सगळं गोड्या पाण्यानं धुवा, आट्यांमधली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा, पूर्ण सुकू द्या. मग आट्यांना ग्रीसचा अगदी पातळ हात. डब्ल्यूडी-४० हा गंज सोडवायचा स्प्रे इथं नको. तो आहे तेही ग्रीस धुऊन काढतं.

खटक्याच्या लॉकला, म्हणजे छोटा खटका मिटून पाय घट्ट करायच्या लॉकला, रोजची निगा कमी लागते. ढिलं पडलं की ॲलन कीनं (षटकोनी चावीनं) बोल्ट थोडा आवळला, झालं. लग्नाचं शूटिंग, घरातलं काम यासाठी ते उत्तमच. मात्र खारं पाणी लागलं की बोल्ट गंजू शकतो, आणि बऱ्याच मॉडेल्समध्ये हत्यारांशिवाय पाय सुटा होत नाही.

लॉक कुठलंही असो, ट्रायपॉड पाण्यात उभा करताना सर्वांत खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतं. आणि ओला ट्रायपॉड मिटून पिशवीत कधीच कोंबू नका.