डबीवर नाव नव्हतं

पहिल्याच आठवड्यात भूक मेली. सकाळी एक कॅप्सूल घेतली की दुपारी ताटाकडे बघवत नसे. महिन्यात साडेचार किलो उतरले, आणि म्हणूनच मी फसले. गुण आला नसता तर पंधरा दिवसांतच जाऊन भांडले असते.

सांगलीतलं एक वजन कमी करण्याचं सेंटर. ‘डॉक्टरांच्या देखरेखीखाली’ अशी मोठी पाटी. तीन महिन्यांचे १८,५०० रुपये, तेही रोख. डॉक्टर एकदाही दिसले नाहीत. पांढरा कोट घातलेल्या मॅडम दर शनिवारी वजन करायच्या, बीपी बघायच्या आणि ‘ताई, छान उतरतंय!’ म्हणायच्या. आकडा विचारला की ‘नॉर्मल आहे हो’. फाइल त्यांच्याच कपाटात. कॅप्सूल पांढऱ्या डबीत सुट्या. वर नाव नाही, बॅच नाही, एक्स्पायरी नाही, फक्त स्केचपेननं ‘स. १’. काय आहे विचारलं तर ‘हर्बल आहे, आमचंच फॉर्म्युलेशन’.

दुसऱ्या महिन्यात झोप उडाली. तोंडाला कोरड, पोट साफ होईना, छातीत धडधड. मॅडम म्हणाल्या, ‘चरबी वितळतेय, त्याचंच आहे ते.’ पटलं मला! ब्लाउज सैल झालेल्या बाईला काहीही पटतं. एका रात्री दोन जिने चढून आले आणि दारातच खाली बसले. नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बीपी १७०/१०४, नाडी ११८. याआधी बीपीची तक्रार कधीच नव्हती.

त्यांनी आधी विचारलं, ‘वहिनी, स्ट्रिप कुठंय?’ स्ट्रिप नव्हती, चिठ्ठी नव्हती, बिलही नव्हतं. डबी हातात फिरवत त्यांनी सिब्युट्रामिनचं नाव घेतलं. भूक मारणारं, पण रक्तदाब नि नाडी वाढवणारं औषध. हृदयविकाराच्या रुग्णांत हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला, तेव्हा २०१० मध्ये अमेरिका-युरोपात ते बाजारातून गेलं. भारतात फेब्रुवारी २०११ मध्ये बंदी आली. तरी ‘हर्बल’ म्हणून खपणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते पुन्हा पुन्हा सापडतं. तुमच्या डबीत तेच आहे असं मी म्हणत नाही, पण लक्षणं तशी आहेत, असं ते म्हणाले.

भूक कमी करणारी औषधं खरे डॉक्टरही देतात. पण आधी हृदयाचा त्रास, साखर, थायरॉइड, चालू गोळ्या सगळं विचारतात, आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव नि स्वतःचा नोंदणी क्रमांक असतो. पाटीवरच्या डॉक्टरांचं नाव मी मुलाकडून महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत शोधून घेतलं. सापडलं नाही. हे दोन मिनिटांचं काम पैसे भरण्याआधी सुचलं नाही. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे ‘लठ्ठपणावर खात्रीचं औषध’ अशी जाहिरात करायलाच मनाई. हेही तेव्हाच कळलं.

पैसे मागायला गेले तर ‘कोर्स तुम्ही मध्येच सोडलात’. फाइल मागितली तर ‘ती सेंटरची असते’.

कॅप्सूल बंद केल्या, आठवड्यात भूक परतली, दीड महिन्यात तीन किलोही. बीपी आता १३०/८४. उरलेल्या अकरा कॅप्सूल डबीसकट अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दिल्यात, पोच घेतली आहे. सेंटर चालू आहे. परवा शनिवारी तिथून गेले तर बाहेर सात-आठ बायका नंबर लावून बसल्या होत्या.