कफ काढण्यासाठी फुंकण्याचे साधन : अकापेला चॉइस

छातीत साचलेला कफ सुटावा म्हणून फुंकण्याची जी साधने बाजारात मिळतात, त्यांपैकी अकापेला चॉइस मी काही वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ वापरत आहे. तरुणपणी झालेला क्षयरोग औषधांनी बरा झाला, परंतु डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातील श्वासनलिका कायमच्या रुंदावून गेल्या आणि ब्राँकिएक्टॅसिस मागे राहिला. आपल्याकडे ही गोष्ट दुर्मीळ नाही. भारतातील 2195 ब्राँकिएक्टॅसिस रुग्णांची जी नोंदणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या आजाराचे मूळ जुन्या क्षयरोगात सापडले होते. माझे मत आधीच सांगते. साधन उत्तम आहे, पण फिजिओथेरपिस्टकडून श्वासाची पद्धत शिकल्यावाचून ते विकत घेण्यात अर्थ नाही. आणि ज्यांना ती पद्धत नीट साधली आहे, त्यांच्यापैकी काहींना या साधनाची गरजच पडणार नाही.

साधन मुठीत मावणारे आहे. आत टेकूवर डोलणारी एक दांडी आणि चुंबक असतो. आपण फुंकलो की दांडीवरचा बूच हवेची वाट क्षणभर अडवतो, लगेच मोकळी करतो, पुन्हा अडवतो, आणि ही उघडझाप सेकंदाला अनेक वेळा होत राहते. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. उच्छ्वासाला अडथळा झाल्याने श्वासनलिकांमध्ये थोडा दाब टिकून राहतो, त्या अकाली मिटत नाहीत आणि कफाच्या मागच्या भागात हवा पोहोचते. दुसरीकडे त्या थरथरीने नलिकेच्या भिंतीला चिकटलेला घट्ट कफ सैल होऊन वर सरकू लागतो. थरथर छातीवर हात ठेवला तरी जाणवते.

वापरण्याची रीत वरवर पाहता सोपी आहे, मात्र बारकावे पाळले नाहीत तर केवळ फुरफुर ऐकू येते. नेहमीपेक्षा थोडा मोठा, पण छाती पूर्ण भरेल इतका नव्हे, असा श्वास घ्यायचा, दोन-तीन सेकंद रोखायचा आणि मग तीन-चार सेकंद टिकेल अशा संथ जोराने फुंकायचे. गाल ताठ ठेवावे लागतात. ते फुगले की थरथर गालांतच जिरते आणि छातीपर्यंत काही पोहोचत नाही. असे दहा ते वीस श्वास झाले की साधन बाजूला ठेवून ‘हफ’ करायचा, म्हणजे चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तिच्यावर वाफ सोडतो तसा, तोंड आणि घसा उघडा ठेवून, पोटाच्या बळावर श्वास बाहेर टाकायचा. कफ प्रत्यक्षात बाहेर येतो तो या हफने. साधन त्याला मोठ्या श्वासमार्गापर्यंत आणून सोडते. नुसते फुंकून साधन कपाटात ठेवणाऱ्यांना ‘काही फरक पडत नाही’ असे वाटते, याचे कारण बहुधा हेच असते.

टोकाला अडथळा कमीजास्त करण्याची चाकती आहे आणि तिच्याविषयी नवख्यांचा गोंधळ होतो. सुरुवात सर्वांत कमी अडथळ्यापासून करायची असते. फुंकर तीन-चार सेकंद टिकत नसेल तर अडथळा कमी करावा असे सहज वाटते. वास्तविक तो थोडा वाढवावा लागतो, कारण अडथळा वाढला की हवा सावकाश बाहेर पडते. आणखी एक उणीव म्हणजे किती दाब तयार होतो आहे हे साधन दाखवत नाही. साधारणपणे 10 ते 20 सेंटीमीटर पाण्याइतका दाब अपेक्षित असतो, पण तो मोजायचा तर दाबमापक वेगळा जोडावा लागतो. म्हणूनच पहिली जुळवणी जाणकारासमोर व्हावी.

अकापेलाचे जुने प्रकार दोन, हिरवा आणि निळा. मिनिटाला 15 लिटर किंवा त्याहून अधिक वेगाने फुंकू शकणाऱ्यांसाठी हिरवा आणि त्याहून कमी ताकद असणाऱ्यांसाठी निळा. चॉइसचा मोठा गुण असा की त्याचे चार भाग सुटे होतात. माझ्या दृष्टीने हाच निर्णायक मुद्दा आहे. ज्यांच्या फुप्फुसात स्यूडोमोनाससारखे ओलाव्यात वाढणारे जंतू ठाण मांडून बसू शकतात, त्यांनी रोज तोंडाला लावायची वस्तू आतून धुता आणि उकळता आली पाहिजे. मी प्रत्येक वापरानंतर साबणाच्या कोमट पाण्याने भाग धुते, ठराविक दिवसांनी उकळते आणि पूर्ण सुकल्यावरच जोडते. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, तेवढी कटकट सोसावी लागते.

तुलनेसाठी फ्लटरचा उल्लेख आवश्यक आहे. स्वित्झर्लंडमधून आलेल्या या चिलमीच्या आकाराच्या साधनात शंकूत ठेवलेली पोलादी गोळी फुंकरीने उडते आणि पडते. रचना साधी, सफाई सोपी आणि या धर्तीची स्वस्त साधने आपल्याकडेही मिळतात. मात्र गोळी गुरुत्वाकर्षणावर अवलंबून असल्यामुळे साधन धरण्याचा कोन बदलला की दाब आणि थरथरही बदलते, आणि कुशीवर पडून ते नीट चालत नाही. अकापेला कोणत्याही स्थितीत चालते आणि तोंडातून न काढता त्यातूनच श्वास आतही घेता येतो. बसून व्यायाम करणाऱ्या आणि हात न थरथरणाऱ्या माणसाला फ्लटर पुरेसा आहे. कॅनडातील एरोबिका हे अकापेलाच्या तोडीचे साधन आहे. दोहोंत निवड करताना जे सहज मिळेल आणि परवडेल ते घ्यावे.

खरी फसगत वेगळ्याच वस्तूने होते. औषधाच्या दुकानात कफासाठी साधन मागितले की अनेकदा तीन रंगीत चेंडूंचा स्पायरोमीटर पुढे केला जातो. करोनाकाळात तो घरोघरी पोहोचला, त्यामुळे ‘फुप्फुसाच्या व्यायामाचे यंत्र’ म्हणजे हेच, अशी समजूत रुजली आहे. त्यातील चेंडू श्वास आत ओढल्यावर वर जातात; सेकंदाला 600, 900 आणि 1200 मिलिलिटर असे त्यांचे टप्पे असतात. शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घेण्याची सवय लागावी यासाठी ते योग्य आहे, परंतु कफ हलवणारी थरथर त्यातून निर्माण होत नाही. ते उलटे धरून फुंकण्याचा सल्लाही दिला जातो. त्यानेही अकापेलाचे काम होत नाही. किंमत काही शे रुपये असते आणि अकापेलाला काही हजार मोजावे लागतात, म्हणून हा मोह समजण्यासारखा आहे.

परिणामाबद्दल अवास्तव अपेक्षा नको. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20 ब्राँकिएक्टॅसिस रुग्णांनी तीन महिने दिवसातून दोनदा अकापेला वापरले. त्यांचा खोकल्याचा त्रास कमी झाला, कफ अधिक पडला, जीवनमान सुधारले; आजार उफाळून येण्याचे प्रमाण मात्र घटल्याचे दिसले नाही. याउलट 2018 च्या एका अभ्यासात 44 रुग्णांपैकी ज्यांनी वर्षभर आजारी फुप्फुसाच्या बाजूच्या कुशीवर झोपून, घसा उघडा ठेवून, सावकाश पूर्ण श्वास सोडण्याची पद्धत नियमित पाळली, त्यांचा आजार कमी वेळा उफाळला. या पद्धतीला साधन लागत नाही. हे वाचून मी अकापेला टाकून दिले नाही, कारण घाईच्या सकाळी मला त्यानेच शिस्त लागते. पण पैसे साठवून साधन घेण्याच्या विचारात असलेल्यांनी आधी ही पद्धत आणि श्वासाचे आवर्तन, म्हणजे शांत श्वास, खोल श्वास आणि हफ यांचा ठरलेला क्रम, शिकून पाहावे.

क्रमही महत्त्वाचा आहे. श्वासनलिका सैल करणारे औषध आधी, डॉक्टरांनी दिले असल्यास तीव्र क्षारयुक्त पाण्याचे नेब्युलायझेशन त्यानंतर, मग अकापेला आणि हफ, आणि छातीत मुरायला हवे असलेले ओढण्याचे स्टेरॉइड किंवा प्रतिजैविक सर्वांत शेवटी. एकूण वेळ दहा ते तीस मिनिटांचा. लागोपाठ दोन हफ कोरडे गेले किंवा थकवा आला की थांबावे.

कफातून रक्त पडत असेल, फुप्फुसाभोवती हवा शिरली असेल, कानाचा पडदा फाटला असेल किंवा चेहऱ्याची अथवा अन्ननलिकेची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांपैकी कोणतेही साधन तोंडाला लावू नये. परदेशात वापरले जाणारे, छाती बाहेरून हलवणारे हवेचे जाकीट मी मुद्दाम या परीक्षणात घेतलेले नाही. त्याची किंमत लाखांच्या घरात जाते आणि हफ करण्याइतके बळ ज्याच्यात आहे त्याला ते सुचवण्याचे कारण मला दिसत नाही.