दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस स्पेन: सेव्हिल की वॅलेन्सिया?

माद्रिदला उतरायचं, एखाद-दोन दिवस तिथे काढायचे आणि मग हातात चार दिवस उरतात. हे चार दिवस कुठे घालवायचे, हे मला गेल्या दोन वर्षांत बऱ्याच जणांनी विचारलं. सेव्हिलला मी आईला घेऊन गेले होते, वॅलेन्सियाला पुढच्या वर्षी मुलाला घेऊन. दोन्ही शहरं जिवापाड आवडली, पण दोन्ही एकाच चार दिवसांत बसवू नका. एक देशाच्या नैऋत्येला, दुसरं पूर्व किनाऱ्यावर. अर्धी सहल गाडीतच जाईल.

माझं मत आधीच सांगते. स्पेनला पहिल्यांदा जाताय आणि दिवाळी नोव्हेंबरात येतेय, तर सेव्हिल. सोबत दहा वर्षांखालची मुलं असतील आणि सुट्टी ऑक्टोबरात असेल, तर वॅलेन्सिया.

हवेपासून सुरुवात करू, कारण शरद ऋतूत सगळं तिच्यावरच ठरतं. सेव्हिलचा उन्हाळा म्हणजे आपला विदर्भ. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. ऑक्टोबरात दुपारचं तापमान सरासरी २६-२७ अंशांवर येतं, नोव्हेंबरात २० च्या आसपास. पावसाळी दिवस नोव्हेंबरात वाढतात, छत्री लागते, पण दिवसभर पायी फिरता येईल अशी हवा तिथे मिळते ती याच काळात. वॅलेन्सिया समुद्रामुळे सौम्य. ऑक्टोबरात २४ अंश, आणि उन्हाळाभर तापलेलं पाणी अजून पोहण्याजोगं असतं.

पण वॅलेन्सियाची एक गोष्ट लपवून चालणार नाही. तिथला मोठा पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातच येतो आणि कधी कधी काही तासांत कोसळतो. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात त्या प्रांतात दोनशेहून अधिक माणसं गेली. शहराचा जुना भाग वाचला, दक्षिणेकडची गावं उद्ध्वस्त झाली. म्हणून जाऊ नका असं मी म्हणणार नाही. हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल त्या दिवशी मात्र हॉटेलातून हलू नका आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये तर उतरूच नका.

जुना भाग वाचला त्यामागेही एक पूरच आहे. १४ ऑक्टोबर १९५७ ला तूरिया नदी शहरात घुसली. त्यानंतर तिचा प्रवाहच दक्षिणेकडून वळवला. रिकाम्या पात्रातून हमरस्ता काढायचा बेत होता, लोकांनी बाग मागून घेतली. आज जुन्या पुलांखालून सुमारे नऊ किलोमीटरची बाग वाहते. त्यात जमिनीवर आडवा पडलेला, गोष्टीतल्या गलिव्हरचा एक अवाढव्य पुतळा आहे. मुलं त्याच्या केसांवरून, कोटावरून घसरत खाली येतात. माझा मुलगा दोन दुपारी तिथून हलला नाही आणि त्याला एक पैसा लागला नाही. बागेच्या टोकाला वास्तुविशारद कालात्रावाच्या पांढऱ्या इमारती, शेजारी मोठं मत्स्यालय. मुलांचा एक अख्खा दिवस तिथेच जातो.

सेव्हिलमध्ये मुलांसाठी असं काही फारसं नाही. ते शहर बघणाऱ्याचं आहे. खिराल्दा मनोरा बाराव्या शतकात मशिदीचा मिनार म्हणून बांधला, आज तो कॅथेड्रलची घंटा वाजवतो. आईचे गुडघे दुखरे, म्हणून मी वर जायचा विचारच सोडला होता. आत गेल्यावर कळलं की शेवटच्या काही सोडल्या तर पायऱ्याच नाहीत. बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून चढत्या उतरणी केल्या, असं सांगतात. पस्तीस वळणं, प्रत्येक वळणावर भिंतीत आकडा. आई आकडे मोजत, खिडकीशी दम घेत, अगदी शेवटच्या काही पायऱ्यांपर्यंत आली. खाली संत्र्याच्या झाडांचं अंगण दिसत होतं, फळं अजून हिरवी. (ती कडू असतात, मार्मलेडची, तोडून खाऊ नका.)

शेजारचा अल्काझार हेच सेव्हिलला जायचं माझं खरं कारण. ख्रिस्ती राजा पेद्रोने १३६० च्या दशकात राजवाडा बांधला तो मुस्लिम कारागिरांच्या हातून, आणि भिंतींवर अरबी लिपीत त्याचा उल्लेख 'सुलतान' असा आहे. दोन तास ठेवू नका, अर्धा दिवस ठेवा, आणि तिकीट वेळेसकट आधी काढा. प्लाझा दे एस्पान्या हा अर्धगोल, भव्य चौक संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा.

शाकाहारी असाल तर सेव्हिल सोपं. पालक आणि छोल्यांची जिरं घातलेली भाजी तिथल्या साध्या बारमध्ये मिळते. पहिल्या घासाला आई म्हणाली, ही तर घरची. वॅलेन्सियाची खरी पाएया, म्हणजे तिथला पसरट कढईतला भात, कोंबडी आणि सशाच्या मांसाची. भाज्यांची मिळते, पण ती कसल्या पाण्यात शिजवली ते विचारा. आणि ती दुपारी खा. रात्री पाएया हे तिथल्या माणसाला पटत नाही. दोन्हीकडे 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन' (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं तिन्ही म्हणा, कारण हॅम हे मांसात धरतीलच असं नाही. वॅलेन्सियात ओर्चाता मात्र चुकवू नका. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातल्या एका कंदाचं ते थंडगार, दुधासारखं पेय. दुधाचा थेंबही नसतो.

आता वॅलेन्सियाची ती गोष्ट, जिच्यासाठी मी पुन्हा जाईन. दर गुरुवारी बाराच्या ठोक्याला कॅथेड्रलच्या दारात शेतीच्या पाण्याचे तंटे सोडवणारं पाण्याचं न्यायालय भरतं. काळे सदरे घातलेले आठ शेतकरी खुर्च्यांवर गोल करून बसतात, एकेका कालव्याचा एकेक निवडलेला. हाती भाला धरलेला शिपाई कालव्याचं नाव पुकारतो आणि तक्रार आहे का विचारतो. कागद नाही, वकील नाही. कोणी बोलायचं ते अध्यक्ष पायाने खुणावतो. आम्ही गेलो त्या दिवशी एकही तक्रार नव्हती, पाच मिनिटांत सगळं उठलं. माझं आजोळ धुळ्याकडचं, पांझरेकाठी फड पद्धतीने पाणी वाटून घेणारं. तिथे उभी असताना आजोबा फार आठवले.

प्रवास दोन्हीकडे सोपा: माद्रिदहून वेगवान गाडीने सेव्हिल अडीच तास, वॅलेन्सिया दोनला थोडे कमी. १२ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबरला सुट्ट्या असतात. त्यांना जोडून आलेले दिवस महागडे आणि गर्दीचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळं अजून उन्हाळी वेळेवर असतात, त्यामुळे सेव्हिलमध्ये सूर्य सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास उगवतो. सकाळी लवकर निघायचा बेत तिथे चालत नाही, मात्र संध्याकाळ लांब मिळते.

सेव्हिल ठरलं तर कॅथेड्रलसाठी रविवारची सकाळ धरू नका, तेव्हा प्रार्थना असते. वॅलेन्सिया ठरलं तर मोठी मंडई रविवारी बंद, एरवीही दुपारी तीनपर्यंतच. आणि चारांतला एक दिवस गुरुवार येईल असं तिकीट काढा.