'ऑन लीव्ह' की 'अ डे ऑफ' की 'द डे ऑफ'? सुट्टीच्या मेलमध्ये काय लिहायचं

सगळ्यात आधी 'लीव्ह' आणि 'डे' हे दोन शब्द वेगळे काढा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. 'लीव्ह' म्हणजे रजा, ती इंग्रजीत सहसा मोजत नाहीत, म्हणून 'आय ॲम ऑन लीव्ह टुडे', मध्ये 'अ' घुसवायचा नाही. 'ऑन अ लीव्ह' आपण मराठी माणसं सर्रास लिहितो, अर्थ पोचतो पण कानाला खटकतं. सिक लीव्ह, मॅटर्निटी लीव्ह, सगळ्यांना हाच नियम. आणि 'टू लीव्हज' तर प्लीज नकोच, 'टू डेज लीव्ह' म्हणा. 'अ लीव्ह ऑव्ह ॲब्सेन्स' हा मात्र अपवाद, तिथे 'अ' लागतो.

'डे' मोजता येतो, त्यामुळे नुसतं 'आय नीड डे ऑफ' अर्धवट वाटतं. आता 'अ' की 'द'? मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे, कारण समोरच्याला कुठला दिवस ते माहितीये का यावर सगळं ठरतं. दिवस ठरला नसेल तर 'कॅन आय टेक अ डे ऑफ नेक्स्ट वीक?', आणि उद्याचाच हवा असेल तर 'कॅन आय टेक द डे ऑफ टुमारो?' दुसऱ्या वाक्यात 'अ' लिहिलात तरी चूक नाही, पण 'द' जास्त नेमका बसतो. वाराचं नाव घेतलं की दोन्ही गळतात: 'आय ॲम टेकिंग फ्रायडे ऑफ'.

'टाइम ऑफ'ला 'अ' लावू नका, फार तर 'सम टाइम ऑफ'. तासाभरासाठी 'ॲन आवर ऑफ', कारण स्पेलिंगमधला एच उच्चारत नाहीत. फिरायला गेलात तर ब्रिटिश 'ऑन हॉलिडे' म्हणतात, अमेरिकन 'ऑन व्हेकेशन', दोन्ही बिनआर्टिकलचे, पण 'टुमारो इज अ हॉलिडे' मध्ये 'अ' हवाच.

मग निवडायचं काय? एक-दोन दिवसांसाठी बॉसला मेल करताय तर 'डे ऑफ' घ्या, साधं आणि मोकळं वाटतं. रजा मोठी असेल किंवा एचआरला लिहायचं असेल तर 'ऑन लीव्ह'. ऑटो-रिप्लायलाही तेच बरं, फक्त नुसतं 'अनटिल मंडे' लिहून थांबू नका, सोमवारी तुम्ही आहात की नाही हे त्यातून कळत नाही, 'बॅक ऑन मंडे' लिहा.