मेक्सिको की पेरू? आई-बाबा सोबत असतील तर, आणि नसतील तर

न्यू जर्सी, ह्यूस्टन, बे एरिया इथल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. आई-बाबा पुण्याहून नाहीतर ठाण्याहून चार-पाच महिन्यांसाठी आलेले असतात. नायगारा आणि ग्रँड कॅन्यन मागच्या खेपेला उरकलेलं असतं. त्यांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असतो, आणि त्याच व्हिसावर मेक्सिको आणि पेरू दोघेही भारतीयांना वेगळा व्हिसा न काढता येऊ देतात. मग जायचं कुठे?

कान्कुनच्या रिसॉर्टात पडून राहायचं असेल तर पुढचं वाचू नका, सरळ बुकिंग करा. मी तुलना करतेय ती मेक्सिको सिटी-पुएब्ला-वाहाका आणि लिमा-कुस्को-माचू पिचू या दोन सहलींची. माझा कल आधीच सांगते. सोबत साठीच्या पुढचं कुणी असेल, कुणी कट्टर शाकाहारी असेल किंवा सुट्टी जेमतेम आठवड्याची असेल, तर मेक्सिको. पेरूला सवड लागते, दम लागतो आणि काही महिने आधी तारखा पक्क्या कराव्या लागतात. हे तिन्ही जमत असेल तर मात्र मी पेरूच निवडीन. दोन्ही देश एकाच सहलीत कोंबण्याचा घाट कृपा करून घालू नका.

कागदपत्रं

व्हिसा म्हणजे पासपोर्टवरचा चालू मुदतीचा शिक्का. एच-वनबीच्या मुदतवाढीचा नुसता मंजुरीचा कागद चालत नाही. पेरूला तर तो व्हिसा पुढे किमान सहा महिने चालणारा हवा. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. तरी तिकीट काढण्याआधी त्या-त्या दूतावासाची वेबसाइट एकदा बघा, हे नियम बदलत असतात.

पेरूच्या बाबतीत आणखी एक मेख आहे, आणि ती पेरूकडून नाही, भारताकडून आहे. पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत पेरू आहे. पेरूहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात, तर त्या लसीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं, नाहीतर विलगीकरणात ठेवू शकतात. तुम्ही नुसतं कुस्कोला गेला होतात, ॲमेझॉनच्या जंगलात पाऊलही टाकलं नाही, हे सांगून भागत नाही. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीनंतर ती देताना डॉक्टर जास्त सावध असतात. त्यामुळे आई-बाबांना पेरूला न्यायचंच असेल तर ती सहल त्यांच्या मुक्कामाच्या मध्यावर ठेवा, परतीच्या आदल्या आठवड्यात नको. मेक्सिको या यादीत नाही.

उंची

कुस्को ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास लेहएवढ्या उंचीवर. लिमा समुद्रकाठी. तिथून सव्वा तासाच्या विमानाने एकदम वर गेलं की पहिल्या रात्री डोकं ठणकतं, जिन्याच्या दहा पायऱ्यांत धाप लागते. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा देतात, तो तिथे कायदेशीर आहे. पण ती पानं पिशवीत टाकून अमेरिकेत आणू नका. उंचीच्या त्रासावर जाणकार एक युक्ती करतात: कुस्कोच्या विमानतळावर उतरायचं आणि तिथे न थांबता खाली खोऱ्यात, उरुबांबा किंवा ओयांताइतांबोला जायचं. ती गावं २,८०० मीटरच्या आसपास आहेत. माचू पिचू तर २,४३० मीटरवरच आहे, म्हणजे कुस्कोपेक्षा जवळजवळ एक किलोमीटर खाली. ते आधी बघून घ्यायचं आणि कुस्को शेवटी ठेवायचं. तितिकाका सरोवर ३,८००च्या वर आहे. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी ते सोडून द्यावं.

मेक्सिको सिटी २,२४० मीटरवर, म्हणजे साधारण सिमल्याइतकी उंच. पहिल्या दिवशी थोडं दमायला होतं, बाकी काही नाही. वाहाका तर त्याहून बरंच खाली आहे.

बघायचं काय

इथे तुलना खऱ्या अर्थाने अवघड होते.

पेरूत एक कळस आहे आणि सगळी सहल त्याच्याभोवती बांधलेली असते. माचू पिचू या इंकांच्या डोंगरातल्या जुन्या नगराचा फोटो हजारदा बघितलेला असला तरी प्रत्यक्षात तो डोंगराचा खांदा, खाली वळसा घालून जाणारी नदी आणि त्या कडेवर बेतलेली शेतांची पायरी-पायरी बघून माणूस गप्प होतो. पण मला विचाराल तर इंका लोकांची खरी करामत कुस्कोच्या गल्ल्यांत जास्त जवळून कळते. आतुन रुमियोक नावाच्या गल्लीत भिंतीत बारा कोनांचा एक दगड आहे. शेजारचे दगड त्याच्या प्रत्येक कोनात असे बसवलेत की फटीत कागदही सरकत नाही, आणि मध्ये चुना-माती काही नाही. पुढे कोरिकांचाला जा. इंकांचं सूर्यमंदिर होतं ते. स्पॅनिश लोकांनी त्याच्या पायावर सांतो दोमिंगोचं चर्च चढवलं. १९५०च्या भूकंपात चर्चची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहीत. त्या आज उघड्यावर, हात लावण्याच्या अंतरावर दिसतात (हात लावू मात्र देत नाहीत).

मेक्सिकोत असा एकच कळस नाही, आणि तेच त्याचं बलस्थान. एक ठिकाण हुकलं म्हणून सहल फसत नाही. मेक्सिको सिटीतल्या चापुल्तेपेक बागेतलं मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालय एका दिवसात बघून होत नाही. तिथली २४ टनांची अझ्तेक सूर्यशिळा बघायला सगळे धावतात, पण माया दालन तितकाच वेळ मागतं. सोमवारी ते बंद असतं. शहराच्या मधोमध, कॅथेड्रलला खेटून तेंप्लो मायोर आहे. १९७८ साली वीज कंपनीच्या कामगारांना खोदताना एक कोरीव शिळा लागली आणि अझ्तेकांचं मुख्य मंदिर वर आलं. तेओतिवाकानचे पिरॅमिड शहरापासून ५० किलोमीटरवर आहेत. तिथे सकाळी लवकर जायचं, कारण सावली कुठेच नाही.

मराठी माणसाने मेक्सिको सिटीत एक गोष्ट चुकवू नये. शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीत दिएगो रिवेराची भित्तिचित्रं मजल्यामागून मजले पसरलीत. त्यातल्या 'आमची भाकरी' या चित्रात टेबलाच्या मधोमध बसून पाव मोडून देणारा जो माणूस आहे, तो पांडुरंग खानखोजे यांच्यावरून काढलेला. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवणारे आणि मक्याच्या वाणांवर काम करणारे शास्त्रज्ञ. भोवती मेक्सिकोचे कामकरी, डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई, आणि मध्ये आपला वर्ध्याचा माणूस अन्न वाटतोय. गाइड बहुतेकदा याविषयी चकार शब्द काढत नाहीत, तेव्हा आपणच विचारायचं.

वाहाकासाठी किमान तीन रात्री ठेवा. मेक्सिको सिटीहून विमानाने तास-सव्वा तास, चांगल्या बसने सहा-सात तास. मोंते आल्बानचं सापोतेक लोकांचं प्राचीन नगर सकाळी बघायचं आणि दुपारी तेओतित्लान देल वाये या विणकरांच्या गावी जायचं. तिथे विणकर निवडुंगावरचे वाळवलेले बारीक किडे तळहातावर चुरडतो, गडद लाल भुकटी होते. वर लिंबू पिळलं की ती केशरी होते, चुना टाकला की जांभळी. हातमागावरचा गालिचा याच रंगांत रंगतो. पैठणीच्या मागासमोर तासन् तास बसणाऱ्या बायका इथून लवकर हलत नाहीत.

खाणं

लिमा मासेखाऊंचं माहेर आहे. तिथल्या 'सेंत्राल' आणि 'माइदो' या रेस्टॉरंटांनी जगातल्या पन्नास सर्वोत्तमांच्या यादीत २०२३ आणि २०२५ साली पहिला नंबर पटकावला. पण साध्या बाजारातलं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरलेला ताजा मासा, कांदा आणि मिरची, हेही मालवणी जिभेला पटकन पटतं. शाकाहाऱ्यांची मात्र कुस्कोत बटाटा, किन्वा, चीज आणि टपोऱ्या दाण्यांचा मका यावर बोळवण होते. पिवळ्या मिरचीच्या चीजरसातला बटाटा (पापा आ ला वांकाइना) छानच लागतो, पण रोज किती खाणार? बाजारात अख्खे भाजलेले गिनीपिग मांडलेले असतात, हे आईंना आधी सांगून ठेवा.

मेक्सिकोत शाकाहाऱ्याचं पोट आणि मन दोन्ही भरतं. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या गरम तोर्तिया, कोवळ्या निवडुंगाची भाजी, तिखट-लिंबू लावलेलं कणीस. राजगिऱ्याची गुळातली वडी तर रस्त्यावर विकायला असते, उपवासालाही चालावी अशी. सावध राहायचं ते छुप्या गोष्टींपासून. घोटलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, भात आणि मोले (मिरच्यांचा दाट रस्सा) चिकनच्या पाण्यात केलेले असू शकतात, आणि वाहाकाच्या त्लायुदावर (मोठ्या कुरकुरीत तोर्तियावर) चरबीचा थर फासतात. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका' (मांस नको, चिकन नको, चरबी नको) एवढं पाठ करा. वाहाकात मीठ-तिखट लावलेले नाकतोडे कशावरही भुरभुरलेले निघतात, तेही विचारून घ्या.

महिना कोणता

इथे पेरू बाजी मारतो, पण फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत. मे ते सप्टेंबर कुस्कोत कोरडं, लखलखीत ऊन आणि कडाक्याच्या रात्री. २४ जूनला इंती राइमीचा, म्हणजे इंकांच्या सूर्योत्सवाचा सोहळा असतो आणि तेव्हा गर्दी उसळते. त्याच महिन्यांत लिमावर करडं मळभ बसलेलं असतं, तेव्हा तिथे फार दिवस घालवू नका. मेक्सिको सिटीत जून ते सप्टेंबर दुपारनंतर धो-धो सर येते. सकाळी फिरायचं आणि दुपारी संग्रहालयात शिरायचं, एवढं जमवलं की झालं. नाताळच्या सुट्टीत गणित उलटतं: मेक्सिकोत सुरेख थंडी, कुस्कोत पाऊस. एक-दोन नोव्हेंबरचा मृतांचा सण वाहाकात बघायचा असेल, तर झेंडूने लाल-केशरी झालेलं गाव बघताना दसरा आठवतोच. फक्त हॉटेलं त्या आठवड्यात अवाच्या सवा भाव लावतात.

खर्च आणि धाकधूक

पेरूतला मोठा खर्च एकाच जागी होतो. माचू पिचूचं तिकीट दीडशे सोलच्या (सोल हे पेरूचं चलन) आसपास, पण ओयांताइतांबोहून जाणारी-येणारी ट्रेन माणशी शंभर डॉलरच्या वर सहज जाते, आणि शेवटच्या चढणीची बस वेगळी. मेक्सिकोत खर्च सुटा-सुटा असतो आणि आवरता येतो. मेक्सिको सिटीची मेट्रो पाच पेसोंत कुठेही नेते. तिथे रस्त्यावरची टॅक्सी टाळा, ॲपवरची घ्या. मेक्सिकोच्या बातम्या वाचून आई-बाबा घाबरतात. पण देश मोठा आहे, आणि धोका राज्याराज्यागणिक वेगळा. पेरूत भीती वेगळी, आंदोलनाची. रेल्वे अडवली की माचू पिचू गाठता येत नाही. २०२३च्या जानेवारी-फेब्रुवारीत तर ते काही आठवडे बंदच होतं. वाहाकातही शिक्षक अधूनमधून रस्ते अडवतात, पण तिथे निदान गावात फिरता येतं.

बुकिंगचा क्रम

पेरू ठरलं तर सगळ्यात आधी माचू पिचूचं तिकीट, मग त्या वेळेला जुळणारी ट्रेन, आणि विमान त्यानंतर. तिकिटावर आत फिरायचा ठरलेला मार्ग (सर्किट) आणि प्रवेशाची वेळ छापलेली असते, दोन्ही बदलता येत नाहीत. तो नेहमीचा फोटो आणि नगरातून फेरी दोन्ही हवं असेल तर सर्किट दोन. गुडघे कुरकुरत असतील तर खालच्या भागातलं सर्किट तीन, पायऱ्या कमी आहेत. आत स्वच्छतागृह नाही, आणि एकदा बाहेर पडलं की परत सोडत नाहीत. रांगेत उभं राहण्याआधीच बाबांना आठवण करा. पासपोर्ट मूळ हवा, फोटोकॉपी चालत नाही.

मेक्सिको ठरलं तर आधी काढायचं तिकीट एकच, मेक्सिको सिटीच्या कोयोआकान भागातल्या, चित्रकार फ्रीदा कालोच्या निळ्या घराचं. ते ऑनलाइनच आणि काही आठवडे आधी. बाकी सगळं तिथे पोचल्यावर, आदल्या रात्री ठरवलं तरी निभतं.