लातूर ते रत्नागिरी: गाडी उत्तम, मुक्काम उत्तम, आखणी मात्र डोंगराची

लातूरहून समुद्र पाहायला जायचे म्हणजे जवळपास पाचशे किलोमीटर जायचे, त्यामुळे आमच्याकडची कुटुंबे अशा सहलीची आखणी शक्यतो कुणाच्या तरी हाती सोपवून मोकळी होतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्हीही तेच केले. शहरातल्या एका सहल कार्यालयाने सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन मुले अशा पाच जणांसाठी गाडी, तीन रात्रींचा मुक्काम, स्थळदर्शन आणि जेवण धरून ३१,००० रुपये घेतले. सासूबाईंनी सत्तरीपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता, आणि हा अभिप्राय लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे.

आधी चांगले ते सांगते. गाडी स्वच्छ होती, वेळेवर आली आणि चालक घाटरस्त्याचा जाणकार होता. मिऱ्या–नागपूर महामार्ग आमच्या लातूरवरूनच जातो. औसा, तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठले की पुढे आंबा घाट उतरून साखरप्यामार्गे रत्नागिरीत पोहोचता येते. कार्यालयाच्या कागदावर या प्रवासाला आठ तास दिले होते. चहा, जेवण, मुलांचे थांबे आणि वाटेत सुरू असलेली रस्त्याची कामे धरून आम्हाला साडेअकरा तास लागले. भाट्ये येथील घरगुती निवास मात्र कागदावरच्या वर्णनापेक्षा सरस निघाला. खाडीपूल ओलांडला की सुरूच्या बनालगतचा किनारा आणि त्याच्या अलीकडे कौलारू घर, गरम पाणी, स्वच्छ अंथरुणे आणि सकाळी घावणे. कार्यालयाने ही जागा कशी हेरली, याचे कौतुकच करावे लागेल.

तक्रार आहे ती दिवसांच्या आखणीविषयी. ती किलोमीटर मोजून केलेली होती. ऊन आणि पाणी यांचा त्यात कुठेही विचार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारा वाजता आम्ही रत्नदुर्गावर होतो. तीन बाजूंनी समुद्र असलेला हा किल्ला आणि त्यातले भगवती देवीचे मंदिर पाहण्यासारखे आहे यात शंका नाही, पण भर दुपारी जांभ्याच्या पायऱ्या तापलेल्या असताना सासूबाईंना तिथे चढवणे हा अविचार होता. आमचे लातूरचे ऊन कडक असले तरी कोरडे असते, सावलीत उभे राहिले की निभते. इथल्या दमट हवेत सावलीतही घाम थांबत नाही. कागदावर मात्र ‘उबदार कपडे सोबत घ्यावेत’ अशी सूचना होती. मला वाटते, तो कागद मूळचा महाबळेश्वरच्या सहलीचा असावा आणि त्यातली केवळ गावांची नावे बदलली असावीत.

थिबा राजवाड्याला पाऊण तास दिला होता, तो पुरला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूत तो १९१६ मध्ये, मायदेशी परत न जाताच वारला. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि पतितपावन मंदिर हेही नीट झाले. त्यानंतर सायंकाळी सहा ते सात ही वेळ बाजारहाटासाठी राखून ठेवलेली होती. पश्चिमेकडे तोंड करून बसलेल्या शहरात, सूर्य साडेसहा-पावणेसातला समुद्रात उतरत असताना, आम्ही एका दुकानात आंबापोळी आणि कोकम आगळ यांचे भाव विचारत होतो.

तिसरा दिवस गणपतीपुळ्याचा, आणि त्या दिवशी संकष्टी होती. ‘संकष्टीला दर्शन’ हे कार्यालयाने या सहलीचे वैशिष्ट्य म्हणून आवर्जून सांगितले होते. सकाळी दर्शनाची रांग, मग डोंगराची प्रदक्षिणा, आणि दुपारी तीन ते पाच समुद्रकिनारा असा क्रम होता. आम्ही तीनला किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी पार वरपर्यंत आले होते, वाळूची जेमतेम पट्टी उरली होती आणि जीवरक्षक शिट्ट्या वाजवून सगळ्यांना मागे हटवत होते. मुलांनी किल्ला करण्यासाठी आणलेली बादली तशीच परत आली.

रात्री निवासाच्या काकूंना हे सांगितले, तेव्हा त्यांनी सहज विचारले, “अहो, चतुर्थीला तीन वाजता भरती असणारच, तुमच्या माणसाला ठाऊक नव्हतं?” मग त्यांनी किनाऱ्यावरचा हिशेब सांगितला: तिथीला पाऊणने गुणायचे, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती, आणि साधारण सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनला पाणी चढलेले आणि सकाळी नऊला किनारा मोकळा. ज्या कार्यालयाने तिथी पाहून सहल विकली, त्याने त्याच तिथीवरून भरती काढली असती तर सकाळी किनारा आणि दुपारी दर्शन एवढीच अदलाबदल पुरेशी होती. (ओहोटीचे पाणी आत ओढते, तेव्हा नऊ वाजताही मुलांना वाळूवरच खेळवावे, हेही काकूंनी बजावले.)

याहून गमतीची बाब जेवणाची. पॅकेजमधले सुरमईचे एकमेव ताट नेमके संकष्टीच्या रात्री ठेवलेले होते, आणि आमच्या घरात त्या दिवशी मासळी शिजत नाही. काकूंनी न विचारता उकडीचे मोदक केले आणि मासळी चौथ्या दिवसावर ढकलली. परतीच्या दिवशी पहाटे त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही मिरकरवाडा बंदरावर जाऊन मासळीचा लिलाव पाहिला आणि नऊच्या सुमारास भाट्याच्या ओल्या, रुंद वाळूवर सासूबाई पहिल्यांदा अनवाणी चालल्या. हे दोन्ही आमच्या कागदावर नव्हते. दुपारी सुरमई जेवून निघाल्यामुळे लातूरला पोहोचायला मध्यरात्र उलटली.

परतल्यावर मी कार्यालयात जाऊन हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, दोन ताटांचे पैसे परत केले आणि भरतीच्या हिशेबाबद्दल ‘बघतो’ म्हणाले. गाडी आणि मुक्कामासाठी हे कार्यालय मी निःशंक सुचवीन. दिवाळीनंतर पुन्हा जायचे ठरले आहे. गाडी आणि खोली त्यांच्याकडूनच घेणार आहोत, फक्त वेळापत्रक सासूबाई पंचांग घेऊन करणार आहेत.